चुकीच्या जागी श्वास

सोमवार, ४ मार्च

ही वही मी 'नावाडीण'च्या प्रयोगांच्या नोंदींसाठी घेतली होती. वही घरी आणली आणि त्याच आठवड्यात नाटक बंद झालं. सहा वर्षं ती कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज जाहीर झालं की 'नावाडीण'वर सिनेमा येतोय.

'नावाडीण' हे संगीत नाटक अकरा वर्षं चाललं. मी ते एकशे बारा वेळा पाहिलं. घरी साठ सांगितलंय. धाकटीला साठही जास्त वाटतात.

नावाडणीचं काम बाई करायच्या. त्यांना नाव आहे, पण आमच्यात कोणी घेत नाही. नुसतं 'बाई' म्हटलं की पुरतं. 'आमच्यात' म्हणजे 'मागची रांग' या फोनवरच्या गटात. तीनशे चाळीस माणसं, सगळी स्वस्तातल्या खुर्च्यांवर मान वाकडी करून बसलेली. नाटक बंद झालं, भांडणं चालू राहिली. बाई आजारी असताना बदली आलेल्या चौघींपैकी कोणती बरी, यावर दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय. ते सख्खे भाऊ आहेत.

गटात मला मान आहे. मी श्वासनकाशे काढते. गाण्याच्या ओळी लिहायच्या आणि गाणारीने जिथे जिथे श्वास घेतला तिथे तिथे बारीक उभी रेघ मारायची. पाचही जणींचे नकाशे माझ्याकडे आहेत. डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या तर कोण गातंय ते सांगते. चुकल्याचं आठवत नाही. गटात मला 'तपासनीस' म्हणतात, कारण माझी नोकरीही तीच आहे. औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी पट्ट्यापाशी बसते. समोर दिवा, दिव्यापुढून बाटल्या जातात, काचेत बुडबुडा दिसला की उचलून डब्यात टाकायची. एकतीस वर्षं मी हेच करते आहे. सवय लागते.

सिनेमात नावाडीण कोण? साबणाच्या जाहिरातीतली ती. गटाने तासाभरात तिचं नाव 'साबणवाली' ठेवलं. मी नाही ठेवलं. मी फक्त पहिल्यांदा लिहिलं.

शनिवार, ९ मार्च

धाकटीचं काहीतरी चाललंय.

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती सेहेचाळीसची, मी चोपन्नची. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. ती दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, फोन घेते, रोग्यांच्या वेळा लिहिते. जानेवारीपासून दर शनिवारी तिचं 'शिबिर' असतं. दातांचं शिबिर दर शनिवारी? एवढे दात शहरात आहेत तरी का?

शिवाय सकाळी ती वाफ घेते. गार पाणी सोडलंय. न्याहारीपर्यंत एक शब्द बोलत नाही, विचारलं तर पाटीवर लिहावं तसं हवेत बोट फिरवते. शनिवारी परत येते तेव्हा केस दोन्ही कानांवर चपटे झालेले असतात आणि चेहरा असा, की जणू कोणी लपूनछपून पेढा भरवलाय.

मी काही दूधखुळी नाही. तिचे डॉक्टर विधुर आहेत.

 मी पडदे धुवायला टाकले. उद्या माणूस घरी आला तर आमची बाजू कमी दिसायला नको.

रविवार, १७ मार्च

सिनेमाची झलक आली. चाळीस सेकंदांची. त्यात साबणवाली होडीत उभी आहे, केस धुतल्यासारखे उडतायत (कंपनी बदलली, काम तेच), आणि मागे बारा सेकंद गाणं. आमचं गाणं.

'दोर सोडला, काठ सोडला, आता पाणीच माझं घर.'

बाई ही ओळ एका दमात म्हणायच्या आणि 'घर' नऊ सेकंद धरायच्या. एकदा साडेनऊ धरलं होतं. त्या दिवशी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझा हात धरला आणि आम्हा दोघांनाही ते नंतर कळलं.

साबणवाली गात नाही हे सगळ्यांना ठाऊक. आवाज दुसऱ्या कोणाचा तरी आहे आणि कोणाचा ते निर्माता सांगत नाही. मी एकेचाळीस वेळा ऐकलं. नकाशा काढला. तो इथे उतरवते :

दोर सोडला, काठ सोडला, आता पाणीच | माझं घर.

'पाणीच'नंतर श्वास! वाक्य चिरून दोन तुकडे. बदलीवालीनेसुद्धा असं कधी केलं नव्हतं. गटात मी लिहिलं, 'हा आवाज रंगमंचावर कधी उभा राहिलेला नाही. ही व्यक्ती गाणं शिकलेली नाही, ऐकून उचललेलं आहे, तेही कोणातरी अडाण्याकडून. नावाडीण बुडाली.' तासाभरात दोनशे अंगठे आले.

पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'तपासनीसबाई, तुमच्या कानाला तोड नाही.' हे निवृत्त पोस्टमास्तर गटाचे चालक आहेत. त्यांचे प्रयोग सत्त्याण्णव. माझे एकशे बारा. त्यांना ते ठाऊक आहे.

पॉपकॉर्न नावाच्या एका कॉलेजातल्या मुलीने लिहिलं, 'पण मला रडू आलं.' मी तिला उत्तर दिलं, 'कांदा चिरतानाही येतं.' दीडशे अंगठे.

धाकटी तेव्हा खोलीतच इस्त्री करत होती.

"ताई, पुन्हा लावू नकोस ना."

"अगं ऐक तर. इथे, इथे बघ. घेतला श्वास. कळला?"

"कळला."

"कसा वाटला आवाज?"

"मला काय कळतंय त्यातलं." मग थोड्या वेळाने, "फार वाईट आहे का गं?"

"वाईट नाही. वाईटाला निदान चव असते. हा आवाज आपला प्रार्थनेपुरता आहे."

 घडी घातलेला अभ्रा तिने उलगडला आणि पुन्हा घडी घातली. आज तिच्या डॉक्टरांचा फोन आला नसावा.

'प्रार्थनेपुरता' हा शब्द चांगला जमला. आधी कधीतरी कोणाबद्दल तरी वापरल्यासारखा वाटतो, पण आठवेना.

गुरुवार, २१ मार्च

वर्तमानपत्रात माझा नकाशा! मनोरंजनाच्या पानावर, 'रसिकांनी पकडला चुकीचा श्वास' या मथळ्याखाली. नाव नाही दिलं, 'एका जाणकार रसिक महिलेने' एवढंच. कारखान्यात मी पान पट्ट्यावर दिव्याशी धरून सगळ्यांना दाखवलं, त्या भरात बुडबुड्यांच्या चार बाटल्या पुढे गेल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

गटाने मोहीम काढली आहे : 'आवाज बाईंचाच.' सह्या गोळा होतायत. आज संध्याकाळपर्यंत सहा हजार. मी सहीच्या मजकुरातली दोन वाक्यं धारदार केली.

धाकटीला पान दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, अगदी खालच्या हवामानासकट, आणि म्हणाली, "तुझं अभिनंदन, ताई." मला बरं वाटलं. तिला माझ्या नाटकवेडात कधी रस नव्हता.

सोमवार, १ एप्रिल

जिंकलो. निर्मात्याने निवेदन काढलं : 'रसिकांच्या भावनांचा आदर राखून गाण्याच्या आवाजाबाबत फेरविचार सुरू आहे. मूळ गायिकेशी बोलणी चालू आहेत.' मी दोनदा तारीख पाहिली, एप्रिलची पहिली म्हणून. खरं आहे.

येताना आइस्क्रीम आणलं. धाकटी घेईना.

"घसा धरलाय का?"

"नाही. आता धरला तरी चालेल." असं म्हणून तिने वाटी ओढली आणि सगळं संपवलं, माझ्या वाटणीचंसुद्धा. मग भांडी घासायला उठली. मी म्हटलं, सकाळी घासू. ती म्हणाली, "नको, आत्ता काहीतरी करू दे."

शनिवार, ६ एप्रिल

आज शिबिर नाही. वाफही नाही. विचारलं तर म्हणाली, "बंद होईल बहुतेक."

म्हणजे सोडलं त्या माणसाने. पडदे धुतले ते धुतले.

वडीलधारं माणूस म्हणून मीच आहे, तेव्हा जाब विचारायला मीच गेले. धाकटी घरीच होती, तेव्हा दाढ दुखते असं सांगून डॉक्टरांकडूनच अकराची वेळ घेतली. वाक्य पाठ करून ठेवलं होतं : 'डॉक्टर, बाई माणसाच्या मनाशी असं खेळू नये.' पण त्यांनी मला खुर्चीत झोपवलं आणि मी तोंड उघडताच म्हणाले, "हां, असंच ठेवा." दाढेत खरोखरच भोक निघालं. सुई टोचली, कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी लावली. आणि मग ते गप्पा मारू लागले.

"तुमच्या बहिणीचं फार वाईट वाटतं हो. तीन महिने शनिवारी सुट्टी दिली मी रेकॉर्डिंगसाठी. एक ध्वनिमुद्रक इथे दाढ काढायला आला होता, बाहेर सुजलेला गाल धरून बसला होता, आणि या आपल्या वेळा लिहिता लिहिता गुणगुणत होत्या. तो आत यायलाच तयार नाही! दाढ राहिली बाजूला. आणि आता बघा, म्हणे आवाज बदलणार."

मी म्हटलं, "आं?"

"दुखतंय? झालंच. तुम्हाला माहीतच असेल म्हणा, घरचंच आहे. सिनेमावाल्यांनी गुपित ठेवायला सांगितलंय, मी बाहेर बोलत नाही. कोणी एक बाई आहेत म्हणे, लोकांचे श्वास मोजतात. आता सांगा, माणसाने श्वासही घेऊ नये? काहींना उद्योग नसतो."

"आं," मी म्हटलं.

"थोडं मोठं उघडा."

मी उघडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांनी आणखी एक सुई दिली. भला माणूस आहे. विधुर असून भला आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

धाकटी शेंगा सोलत होती. माझा अर्धा चेहरा अजून बधिर होता, त्यामुळे जे बोलले ते गंभीर वाटलं नसणार.

"तू गातेस?"

तिने शेंग खाली ठेवली. "डॉक्टरांना पोटात ठेवता येत नाही काही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सही केलीय. सिनेमा येईपर्यंत कोणालाच सांगायचं नाही." मग म्हणाली, "सही नसती तरी तुला नसतं सांगितलं."

मी बसले.

"सोळा वर्षांची होते मी," ती म्हणाली. "शाळेच्या संमेलनात गाणार होते. आदल्या दिवशी तुला म्हणून दाखवलं. तू म्हणालीस, प्रार्थनेपुरता बरा आहे. मी नाव काढून घेतलं. परवा मी इस्त्री करत होते, तेव्हाही तेच म्हणालीस. तीस वर्षांत शब्दसुद्धा बदलला नाहीस, ताई."

मला सांगायचं होतं की मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि तिच्या भल्यासाठीच म्हणाले होते, उगाच आशा लागायला नको म्हणून. बधिर गालाने वाचवलं. मी फक्त विचारलं, "पण तो श्वास... 'पाणीच'नंतर..."

"तो तुझा आहे."

"माझा?"

"नाटक मी एकदाच पाहिलं, तू ओढून नेलंस तेव्हा. घरात अकरा वर्षं ऐकलं. भांडी पुसताना तू 'आता पाणीच' म्हणतेस, वाकून ताट खालच्या फळीवर ठेवतेस, आणि उठून 'माझं घर' म्हणतेस. मला वाटायचं, गाणं तसंच आहे." ती हसली नाही, पण हसू जवळपास कुठेतरी होतं. "दिग्दर्शक म्हणाला, हा श्वास ठेवायचाच. घर म्हणायला ती घाबरतेय असं वाटतं."

"मी घाबरत नव्हते. वाकत होते."

"ते मी त्याला सांगितलं नाही."

कोणातरी अडाण्याकडून ऐकून उचललेलं, असं मी लिहिलं होतं. तेवढं मात्र अचूक होतं.

रविवार, ७ एप्रिल

सकाळी गटात लिहिलं : 'झलकेतल्या आवाजाबद्दल माझं मत चुकलं. नकाशा बरोबर होता, निष्कर्ष चूक होता. तो श्वास गाण्याला शोभतो. मोहिमेतून मी माझी सही मागे घेते.'

कारण सांगता येत नव्हतं. धाकटीची सही आहे.

पहिल्या दहा मिनिटांत : 'तपासनीसबाईंचा फोन चोरीला गेला आहे का?' 'हे तपासनीस नव्हेत.' 'असतील तर खूण सांगा : ४२७व्या प्रयोगाला कोण बदली होतं?' मी सांगितलं. मग वातावरण बिघडलं. पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'सिनेमावाल्यांनी तपासनीसबाईंना पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत बसवायचं कबूल केलेलं दिसतं. मागच्या रांगेला त्यांनी विसरू नये.' दोनशे ऐंशी अंगठे. माझ्या कुठल्याच नकाशाला एवढे मिळाले नव्हते.

बाजूने बोललं एकच माणूस. पॉपकॉर्न. तिने लिहिलं, 'मत बदलायला धीर लागतो.' मी तिला कांद्याबद्दल जे म्हणाले होते ते कसं पुसायचं ते मला येत नाही.

मोहीम चालूच आहे. अकरा हजार सह्या. गाडा मी ढकलून दिला, आता पुढे उभी राहून हात दाखवते आहे.

बुधवार, १० एप्रिल

दुपारी कारखान्यात फोन वाजला. "मी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

मी उभी राहिले. दोन अक्षरांत ओळखलं. निदान हे तरी अजून येतं.

बाईंनी वर्तमानपत्राच्या कचेरीतून माझा नंबर काढला होता. गट वगैरे त्या बघत नाहीत, माझी माघार त्यांना ठाऊक नाही. म्हणाल्या, "त्यांनी मला बोलावलंय. सतरा तारखेला गाणार आहे. तुम्ही माझं गाणं मला परत मिळवून दिलंत. रविवारी चहाला या."

एकशे बारा प्रयोगांत मी बाईंशी एकदाही बोलले नव्हते. एकदा मागच्या दाराशी तासभर उभी राहिले होते आणि त्या आल्या तेव्हा चपलेचा अंगठा तुटल्याचं नाटक करून खाली वाकले होते.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "जा ना. तुझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे." टोमणा असता तर मी उलट बोलले असते. टोमणा नव्हता.

रविवार, १४ एप्रिल

गेले. पिशवीत पहिल्या प्रयोगाचं कार्यक्रमपत्रक होतं, सहीसाठी.

तिसऱ्या मजल्यावरची लहान खोली. एक खुर्ची, एक पलंग, गुडघ्याचा पट्टा दाराच्या कडीला लटकलेला. खिडकीत औषधाच्या बाटल्या. सवयीने पाहिलं, आमच्याच कारखान्यातल्या. बुडबुडा नव्हता.

बाई एकसष्टच्या आहेत. त्यांनी चहा दिला, नकाशाचं कात्रण दाखवलं, आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "सहा वर्षं म्हटलेलं नाही. तुमचा कान म्हणे खोटं बोलत नाही. ऐका."

आणि उभ्या राहून म्हणाल्या. हाताच्या अंतरावरून, माझ्या एकटीसाठी. मागच्या रांगेतले सगळे यासाठी एकेक मूत्रपिंड देतील.

दोर सोडला | काठ सोडला | आता पाणीच माझं | घर.

तीन श्वास. 'घर' चार सेकंद, तेही शेवटी चिरलं. मी मोजत नव्हते. बोटं आपोआप मोजतात.

"बोला," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही..."

"तुम्ही माझ्याकडे बघू नका. खिडकीकडे बघा आणि बोला."

मी बाटल्यांकडे बघितलं. "तीन श्वास, बाई."

"आणि?"

"आणि घर चार सेकंद."

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे मी गाऊ नये म्हणता."

"नको."

"हे सांगायला आलात? तुम्हीच तर पेपरात..."

"ते चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी एकशे बारा वेळा त्यांना पाहिलं होतं. त्यांनी मला पहिल्यांदाच. "ती कोण आहे? जिचा आवाज आहे ती?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे ठाऊक आहे. कशी गाते?"

काय सांगणार? बारा सेकंद, एकेचाळीस वेळा, तेही चूक शोधायला. आणि एकदा तीस वर्षांपूर्वी, पुस्तक वाचता वाचता, अर्धवट. "मी तिला नीट ऐकलंच नाही कधी," मी म्हटलं.

"मग लिहिलंत कशावर?"

 त्यांना उत्तर नको होतं. त्या म्हणाल्या, "चहा गार झाला. संपवा आणि निघा."

मी संपवला. पत्रक पिशवीतच राहिलं.

जिन्यात एक विचार आला तो लिहून ठेवते, कारण तो मला आवडला नाही. ती धाकटी नसती, तर मी बाईंना म्हटलं असतं, 'अजून अगदी तशाच.' म्हणजे आज मी खरं बोलले ते कोणासाठी? कानाला विचारलं, कान गप्प.

गुरुवार, १८ एप्रिल

वर्तमानपत्रात चार ओळी. बाई गाणार नाहीत. 'माझं गाणं मी गाऊन झालं. आता जी गाते आहे तिला गाऊ द्या.' निर्मात्याने लगेच जाहीर केलं, झलकेतला आवाज कायम.

गटात आकांत. संध्याकाळी पोस्टमास्तरांच्या कानावर कुठूनतरी आलं की मी रविवारी बाईंकडे गेले होते. पाच मिनिटांत मला गटातून काढलं. कारण दिलं : 'फितुरी.' एवढं जोरकस काम मी आयुष्यात केलं नव्हतं, जरा अभिमान वाटला. मग उठून सवयीने गट उघडायला गेले आणि काय करावं ते कळेना. अर्धा तास फोन पुसत बसले.

रविवार, ५ मे

धाकटीची शिबिरं पुन्हा सुरू झाली. त्यांना आता आम्ही रेकॉर्डिंगच म्हणतो, पण हळू आवाजात. वाफही सुरू. सकाळी हवेत बोट फिरवते ते आता मला वाचता येतं : 'साखर संपली.'

आज मी धीर करून विचारलं, "तो श्वास ठेवलाय ना?"

"दोन्ही घेतलेत. एक श्वासाचा, एक बिनश्वासाचा. कुठला ठेवतील ते अजून ठरलं नाही." चष्मा वर सरकवून तिने विचारलं, "बाईंना काय सांगितलंस तू?"

"खरं."

"माझ्यासाठी?"

"माहीत नाही गं."

तिने मान हलवली. मला वाटतं, तिला ते उत्तर पटलं. मी 'हो' म्हटलं असतं तर पटलं नसतं.

मग मी म्हटलं, "एकदा म्हणून दाखवशील? पूर्ण?"

"नाही."

"मी काही बोलणार नाही."

"बोलत नाहीस तेव्हा तुझी बोटं बोलतात." ती रागावलेली नव्हती, वेळ लिहून घेताना दवाखान्यात बोलते तशी बोलत होती. "ताई, त्या माणसांनी आणखी दोन गाणी दिलीत. मला घरी सराव करावा लागणार. रोज सहा ते सात. तेवढा वेळ तू बाहेर जा."

"रोज?"

"रोज. सिनेमा आला की तिकीट काढून ऐक. घरात नाही. अजून नाही."

मी 'बरं' म्हटलं. मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, तीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळबद्दल. तेव्हा बोलताना वेळ लागला नव्हता, आता लागतो. पुरेसं बधिर नाहीये काही.

गुरुवार, १६ मे

आता माझा नेम असा : कारखान्यातून पाच वाजता येते, चहा घेते, सहाला पायऱ्या उतरते आणि तळमजल्यावर विजेच्या मीटरांखालच्या बाकावर बसते. ऑगस्टमध्ये सिनेमा येईल तेव्हा शहरातला कोणीही उठून तो आवाज ऐकेल. साबणवालीही ऐकेल, पोस्टमास्तर ऐकतील. बंदी फक्त माझ्या एकटीवर. एवढा खास दर्जा मला 'मागच्या रांगे'नेही दिला नव्हता.

तळमजल्यावर एक शिंपी आहेत. त्यांचं दार उघडंच असतं. आज त्यांनी मशीन थांबवून विचारलं, "वर कोण गातंय हो? गेले दहा दिवस ऐकतोय. फार गोड."

"धाकटी."

"आणि तुम्ही इथे बसता?"

"मला मनाई आहे."

"का?"

"मी तपासनीस आहे."

त्यांना ते पटलं. त्यांच्याकडेही म्हणे मालक आला की सुईत दोरा जात नाही.

पाऊण तासाने डास चावायला लागले म्हणून मी उठले. घड्याळ पाहिलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोहोचले आणि दारातून तिचा आवाज आला. गाणं नवीन होतं, मला ठाऊक नसलेलं. दोन शब्द ऐकू आले असतील. डाव्या हाताचा अंगठा बोटाच्या पहिल्या पेरावर जाऊन बसला. घड्याळात सात वाजायला बारा मिनिटं होती.

मी हात पदरात गुंडाळला आणि खाली उतरले, तिन्ही मजले, आवाज न करता.

शिंप्यांनी मान वर केली. "काही विसरलात?"

"नाही," मी म्हटलं. "लवकर गेले होते."